छत्री राहिली, आम्ही राहतो : ‘राहणे’ या क्रियापदाचा अर्थ आणि उगम

‘छत्री बसमध्येच राहिली’ आणि ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो’ ही दोन वाक्ये मराठी माणसाच्या तोंडून सहज निघतात आणि दोन्हींत एकच क्रियापद आहे, हे बोलताना त्याच्या ध्यानातही येत नाही. पहिल्या वाक्यात कोणी कुठे वस्ती केलेली नाही, एक वस्तू विसरली गेली आहे. दुसऱ्यात विसरण्याचा काही संबंध नाही, तिथे घर आहे, पत्ता आहे, शेजार आहे. एवढे लांबचे अर्थ एका क्रियापदाच्या पदरात कसे पडले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, ‘राहणे’ आणि घर यांचा संबंध मूळचा नसून मागाहून जडलेला आहे. मूळ अर्थ ‘मागे उरणे’ हा आहे आणि तो एकदा हाती आला, की परस्परविरोधी वाटणारे बहुतेक उपयोग एका ओळीत येऊन बसतात.

उगमाकडे जाण्याआधी आजचा वापर नीट पाहिला पाहिजे, कारण शब्दाचा इतिहास पुष्कळदा त्याच्या रोजच्या वापरातच शाबूत असतो. ‘मी पत्र लिहीत राहिलो’ आणि ‘माझे पत्र लिहायचे राहिले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात लिहिण्याचे काम थांबतच नाही, दुसऱ्यात ते सुरूच होत नाही. एकच क्रियापद ‘चालू ठेवणे’ आणि ‘न होणे’ असे दोन विरुद्ध अर्थ देते, असे वरवर पाहता वाटते. परंतु कोण राहिले, असा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारला की गुंता सुटतो. पहिल्या वाक्यात ‘राहिलो’ हे रूप ‘मी’शी जुळते, म्हणजे राहिलेला मी आहे : वेळ गेला, बाकीचे उठून गेले, मी मात्र ‘लिहीत’ या अवस्थेत मागे उरलो. दुसऱ्या वाक्यात ‘राहिले’ हे रूप ‘पत्र’ या नपुंसकलिंगी शब्दाशी जुळते, म्हणजे करायच्या कामांपैकी बाकीची उरकली आणि ‘लिहायचे’ पत्र तेवढे मागे उरले. क्रियापदाने दोन्हीकडे एकच गोष्ट सांगितली आहे, फक्त मागे उरणारा वेगळा आहे.

हीच किल्ली इतर अनेक कुलपांना लागते. ‘राहिला प्रश्न पैशाचा’ असे आपण म्हणतो तेव्हा बाकीच्या प्रश्नांचा विचार झालेला असतो आणि एक शिल्लक असतो. ‘राहू दे’ म्हणजे वस्तू असेल तिथे, गोष्ट असेल तशी उरू दे, तिला हात लावू नकोस. ‘मला राहवत नाही’ या प्रयोगात ‘राहवणे’ हे शक्यार्थी रूप आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘आहे त्या स्थितीत टिकणे मला शक्य होत नाही’ असा होतो. ‘राहून राहून वाटते’ मध्ये तेच क्रियापद दोनदा येऊन ‘थांबून थांबून, पुन्हा पुन्हा’ हा अर्थ उभा करते. ‘गर्भ राहणे’ यातही राहणे म्हणजे टिकणे, मागे उरणे हेच आहे. गंमत अशी की, त्याच घटनेसाठी मराठीत ‘दिवस जाणे’ असाही प्रयोग आहे, म्हणजे एकाच गोष्टीकडे एकदा जाणाऱ्या काळाच्या बाजूने पाहिले आणि एकदा उरणाऱ्या जिवाच्या बाजूने.

‘उभा राहणे’ हा प्रयोग मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘तो तासभर उभा राहिला’ यात टिकून राहण्याचा अर्थ उघड आहे, पण ‘नाव पुकारताच तो उभा राहिला’ यात तर बसलेला माणूस उठला आहे, म्हणजे स्थिती टिकली नसून बदलली आहे. इथे ‘राहणे’चा झोक स्थितीच्या सुरुवातीवर गेला आहे : एका स्थितीत येणे आणि त्या स्थितीत ठरणे. इमारत उभी राहते, संस्था उभी राहते, माणूस निवडणुकीला उभा राहतो, या सगळ्यांत आधी नसलेली स्थिती आली आणि ती ठरली, असे दोन्ही अंश आहेत. वस्तीचा अर्थ समजून घेण्यासाठी हा प्रयोग फार उपयोगी आहे, कारण ‘आम्ही गेल्या वर्षी इथे राहायला आलो’ असे म्हणतानाही आपण येण्याच्या आणि ठरण्याच्या नेमक्या याच जोडीविषयी बोलत असतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मराठीत करणे–करवणे, बसणे–बसवणे अशा जोड्या असतात, परंतु ‘राहणे’ची ‘राहायला लावणे’ या अर्थाची तशी जोडी रुळलेली नाही. ‘राहवणे’ वर सांगितलेल्या शक्यार्थी उपयोगात अडकले आहे, त्यामुळे ते काम ‘ठेवणे’ करते. मुलाला आपण वसतिगृहात ठेवतो आणि मुलगा वसतिगृहात राहतो. पैसे पेटीत ठेवतो आणि पैसे पेटीत राहतात. सतराव्या शतकातील तुकाराम महाराजांच्या ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या चरणात ही जोडी अगदी स्वच्छ दिसते. ठेवणारा एक, राहणारा दुसरा, आणि दोन्ही क्रिया एकाच घटनेच्या दोन बाजू. ‘ठेवणे’ हा शब्द संस्कृत ‘स्थापयति’वरून प्राकृत ‘ठवेइ’च्या वाटेने आला आहे, म्हणजे रूपाने त्याचे ‘राहणे’शी नाते नाही, अर्थाने मात्र या दोघांचा संसार शतकानुशतके एकत्र चालला आहे.

आता उगमाकडे वळू. हिंदीत रहना, गुजरातीत रहेवुं, ओडियात रहिबा, नेपाळीत रहनु अशी याच क्रियापदाची भावंडे आहेत. त्यांच्या मागे प्राकृत-अपभ्रंशातले ‘रहइ’ म्हणजे ‘राहतो’ हे रूप आहे. या सर्वांत ‘र’ ऱ्हस्व आणि मराठीत तेवढा ‘रा’ दीर्घ का, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर नियमित ध्वनिबदलात आहे. हकारान्त धातूंचा आधीचा स्वर मराठीत लांबतो : हिंदीत बहना, सहना, रहना, तर मराठीत वाहणे, साहणे, राहणे. ‘वह्’ आणि ‘सह्’ हे संस्कृत धातू सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यामुळे ‘राहणे’च्या मागे ‘रह्’ असला पाहिजे, हे या रांगेवरूनच कळते.

बोलताना हा ‘ह’ जागेवर राहत नाही. कोणी ‘रहातो’ म्हणते, कोणी ‘ऱ्हातो’, घाईत तर ‘ह’ जवळजवळ विरून जातो. लिहिताना होणारा ‘राहणे की रहाणे’ हा गोंधळ या उच्चारातून आलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी राहणे, पाहणे, वाहणे हीच रूपे प्रमाण ठरवली आहेत, आणि आज्ञार्थात मात्र ‘राहा’बरोबर ‘रहा’ लिहिण्याचीही मुभा ठेवली आहे. ही मुभा मला योग्य वाटते, कारण आज्ञा देताना जोर शेवटच्या ‘हा’वर जातो आणि आधीचा स्वर खरोखरच आखूड होतो.

तर संस्कृतात ‘रह्’ धातू आहे, पण त्याचा अर्थ पाहिला की वाचक चमकतो. धातुपाठात ‘रह त्यागे’ असे दिले आहे, म्हणजे रह् म्हणजे सोडणे, टाकणे. त्याच धातूचे शब्द आपण रोज वापरतो. ‘विरह’ म्हणजे सुटणे, वियोग. ‘रहित’ म्हणजे ज्याला एखादी गोष्ट सोडून गेली आहे तो. ‘रहस्’ म्हणजे लोकांनी सोडलेली जागा, एकांत, आणि एकांतात बोलायचे ते ‘रहस्य’. सोडून जाण्याचा धातू आणि सोडून न जाण्याचे क्रियापद एकाच मुळाचे, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. अर्थ कसा बदलला हे कोणी लिहून ठेवलेले नसते, तो दुवा अनुमानानेच जुळवावा लागतो. परंतु इथे अनुमानाला बळकट आधार आहे आणि तो आपल्या छत्रीपाशीच आहे.

मी बसमधून उतरलो आणि छत्री आत होती. या एका घटनेचे वर्णन माझ्या बाजूने करायचे तर मी छत्री सोडली, आणि छत्रीच्या बाजूने करायचे तर छत्री मागे उरली. सोडणे आणि उरणे या दोन वेगळ्या घटना नाहीत, एकाच घटनेकडे दोन टोकांनी पाहणे आहे. जो धातू आधी सोडणाऱ्याची क्रिया सांगत होता, तो पुढे सोडलेल्याची स्थिती सांगू लागला. ‘सोडला गेला’ म्हणजे ‘मागे उरला’, मागे उरला म्हणजे ‘तिथेच थांबला’, आणि माणूस जिथे वरचेवर, रात्रीमागून रात्र थांबतो ते त्याचे राहण्याचे ठिकाण. उरणे, थांबणे, वस्ती करणे या पायऱ्या एकमेकींना इतक्या लागून आहेत, की भाषेने त्या कधी ओलांडल्या हे बोलणाऱ्यांना कळलेही नसेल. संस्कृतात असे दुसरेही उदाहरण आहे. ‘रिच्’ या धातूपासून ‘रिक्त’ म्हणजे रिकामे आणि ‘अतिरिक्त’ म्हणजे उरून जास्त झालेले, असे दोन्ही शब्द निघाले आहेत. भांडे रिकामे होणे आणि काहीतरी शिल्लक उरणे, यांतही तीच दोन टोके आहेत.

हा बदल केवळ आपल्याकडचा नाही, हे सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले, आणि त्यानंतरच्या तौलनिक अभ्यासातून या कुळातील शब्दांची नाती लागत गेली. त्यातले एक नाते असे. ‘चिकटणे’ या अर्थाचा एक मूळ धातू होता. संस्कृतात तो ‘लिप्’ झाला, आणि त्यापासून लेप आणि आपले लिंपणे हे शब्द आले. इंग्रजी-जर्मनच्या शाखेत चिकटण्याचा अर्थ ‘चिकटून राहणे, टिकणे, उरणे’ असा झाला : जर्मनमध्ये ‘ब्लायबेन’ म्हणजे राहणे, उरणे, आणि इंग्रजीत ‘लिव्ह’ म्हणजे जगणे आणि वस्ती करणे. त्याच धातूच्या प्रयोजक रूपाचा मूळ अर्थ ‘उरू देणे, मागे ठेवणे’ असा होता, आणि ते रूप म्हणजे आजचे इंग्रजी ‘लीव्ह’. मागे ठेवणारा स्वतः निघून जातो, म्हणून त्याचा अर्थ ‘निघून जाणे’ झाला. वस्ती करण्याचा आणि सोडून जाण्याचा असे दोन्ही शब्द इंग्रजीत एकाच मुळाचे आहेत. तिकडे उरण्यापासून निघून सोडण्यापर्यंत प्रवास झाला, आपल्याकडे सोडण्यापासून निघून उरण्यापर्यंत. वाट मात्र तीच.

लॅटिनमध्ये ‘मानेरे’ म्हणजे थांबणे, उरणे. त्यावरून वाटेवरच्या मुक्कामाच्या जागेला नाव मिळाले आणि त्या नावातून फ्रेंच ‘मेझों’ म्हणजे घर आणि इंग्रजी ‘मॅन्शन’ हे शब्द आले. आपण सर्रास वापरतो तो ‘पर्मनंट’ हा शब्दही याच कुळातला आहे, शेवटपर्यंत उरणारा तो पर्मनंट. इंग्रजी ‘ड्वेल’ची कथा तर अधिकच विलक्षण आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भुलवणे, वाट चुकवणे, अडवणे असा होता. त्यातून उशीर करणे, मग रेंगाळणे, आणि शेवटी वस्ती करणे असा तो बदलत गेला. घरासाठी वेगळे क्रियापद घडवण्यापेक्षा थांबण्याच्या क्रियापदाला घर देणे माणसांना अधिक सोपे गेलेले दिसते.

‘राहणे’ने ही जागा घेण्यापूर्वी ती कोणाकडे होती, हेही पाहणे आवश्यक आहे. संस्कृतातले वस्तीचे मुख्य क्रियापद ‘वस्’ आहे, धातुपाठात ‘वस निवासे’. त्याचा सर्वांत जुना अर्थ रात्र काढणे असा आहे, आणि संस्कृतात ‘वसति’ या नामाला रात्रीचा मुक्काम असाही अर्थ आहे. मराठीने हा जुना अर्थ सुंदर रीतीने सांभाळला आहे. ‘वस्ती’ म्हणजे लोकांची राहण्याची जागा, हे खरेच. पण ‘आज इथेच वस्तीला राहा’ असे म्हणताना आपण फक्त रात्रीपुरतेच बोलत असतो, आणि गावात रात्री थांबून सकाळी परत निघणारी एसटी ही ‘वस्तीची गाडी’ असते. आदल्या दिवशीच्या अन्नाला संस्कृतात ‘पर्युषित’ म्हणतात, म्हणजे रात्रभर राहिलेले. त्यात ‘वस्’ दिसत नाही, कारण काही रूपांत ‘व’चा ‘उ’ होतो, जसे वच्‌चे ‘उक्त’, वप्‌चे ‘उप्त’, तसे वस्‌चे ‘उषित’. उपवास आणि उपोषण हे दोन वेगळे दिसणारे शब्द एकच आहेत ते यामुळे. उप-वस् म्हणजे जवळ राहणे : यज्ञाच्या आदल्या रात्री यजमानाने अग्नीजवळ व्रतस्थ राहायचे असे, आणि त्या राहण्यातील अन्नाचा संयम तेवढा पुढे शब्दाचा अर्थ झाला. तसेच ‘प्रवास’ म्हणजे मुळात घर सोडून दूर राहणे. दूर राहायचे तर आधी दूर जावे लागते, म्हणून मराठीत राहणे गळून जाणे तेवढे उरले. परदेशी वस्ती करून असलेल्यांना आपण ‘प्रवासी’ऐवजी ‘अनिवासी’ म्हणतो, ते या बदलामुळेच.

याच ‘वस्’चे युरोपातील भावंड इंग्रजीच्या ‘वॉज’ या भूतकाळी रूपात आणि जर्मनच्या ‘गेवेझेन’मध्ये आहे. तिकडे वस्तीचा अर्थ पुसट होत ‘असणे’ एवढाच उरला. मराठीतही या दोन अर्थांमधली भिंत पातळ आहे. ‘माझा भाऊ परगावी असतो’ आणि ‘माझा भाऊ परगावी राहतो’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण त्यांचा भाव एक नाही. ‘असतो’ म्हटले की नोकरीने किंवा कामाने तो तिकडे नेला आहे, भेटायचे तर तिकडे भेटेल, एवढे कळते. ‘राहतो’ म्हटले की त्याने तिथे बस्तान बसवले आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते.

वेदकाळात वस्तीसाठी ‘क्षि’ असाही एक धातू होता, तो पुढे मागे पडला. वस्तीची जमीन ते ‘क्षेत्र’ आणि त्याचेच मराठी रूप ‘शेत’, म्हणजे शेत या शब्दातही राहणे दडलेले आहे. दुसरा ‘क्षि’ नाशाच्या अर्थाचा. त्यामुळे ‘क्षय’ शब्दाचे निवास आणि नाश असे दोन अर्थ झाले, आणि पाणिनीला ‘क्षयो निवासे’ असे सूत्र करून निवासार्थी शब्दाचा स्वराघात वेगळा सांगावा लागला.

जुने शब्द मात्र नाहीसे झाले नाहीत, त्यांनी ‘राहणे’शी जुळवून घेतले. ‘रहिवासी’ या शब्दात ‘रह्’ आणि ‘वास’ दोन्ही शेजारी आहेत, एकाच अर्थाचे दोन शब्द एकमेकांना धरून. कागदपत्रांतील ‘रा.’ म्हणजे ‘राहणार’. ‘उद्या मी इथेच राहणार’ यात हे रूप भविष्यकाळ सांगते, पण पत्त्यातल्या ‘राहणार’मध्ये भविष्य नाही, तो ‘राहणारा’ आहे, कर्त्याचा वाचक. त्यापुढच्या ‘मु.’मधला मुक्काम हा अरबीतून आलेला शब्द आहे आणि तिथे तो उभे राहण्याच्या धातूपासून झाला आहे. बोलण्यात मुक्काम दोन दिवसांचा असतो, आणि पत्त्यात मात्र जन्मभराचा. याउलट काही शब्द दिसायला जवळचे असले तरी परके आहेत. ‘रहदारी’चा राहण्याशी काही संबंध नाही, ती फारसी ‘राह’ म्हणजे रस्ता या शब्दावरून आली. आणि विहिरीवरचा ‘रहाट’ संस्कृत ‘अरघट्ट’वरून.

शब्द एकदा घरात स्थिरावला म्हणजे त्याचा प्रवास संपला, असे होत नाही. हिंदीत ‘कर रहा है’ या प्रयोगात ‘रहना’चा वस्तीशी किंवा उरण्याशी संबंध जाणवतच नाही, क्रिया या घटकेला चालू आहे एवढेच ते सांगते. प्रमाण मराठीने हे काम ‘असणे’कडे दिले : ‘मी जेवतो आहे’. परंतु विदर्भात ‘मी जेवून राहिलो’, ‘तू काय करून राहिला?’ असे सर्रास म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘जेवतो आहे’, ‘काय करतो आहेस’ असाच असतो. पश्चिमेकडच्या मराठी माणसाला ‘तो गावाला जाऊन राहिला’ हे वाक्य ऐकवले तर तो गावाला गेला आणि तिथेच मुक्काम केला, असे त्याला वाटेल; नागपूरच्या माणसाला मात्र तो अजून वाटेतच दिसेल. या प्रयोगाला अशुद्ध ठरवण्याची घाई काही जण करतात, ती मला मान्य नाही. ‘लिहीत राहिलो’मध्ये अवस्थेत मागे उरण्याचा जो अर्थ प्रमाण मराठी वापरते, त्याच्याच एक पाऊल पुढे विदर्भाची मराठी गेली आहे.